झऱ्याचं तोंड

जिल्ह्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या माहितीपुस्तिकेत चौदा प्रेक्षणीय स्थळं होती. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहिलं, तेव्हा त्यांतली नऊ जागेवर सापडली. एका धबधब्याचं पाणी वरच्या अंगाला नळात घातलेलं होतं आणि कड्यावर नुसती काळी ओल उरली होती. एका तलावाच्या जागी बाजारपेठ होती. लाकडी पूल पुरात गेला होता. वनोद्यानाच्या फाटकाला भलंमोठं कुलूप होतं, पण फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंपणच नव्हतं. संग्रहालयाची इमारत उभी होती, आत फर्निचरचं गोदाम होतं. उरलेल्या नऊपैकी सात ठिकाणी मी एकटीच होते. आठव्या ठिकाणी एक कुत्रा होता. नवव्या ठिकाणी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर, एकतीस माणसं रांगेत होती आणि ती सगळी मला ओळखत होती.

त्याचं कारण एवढंच, की तिथलं स्नानगृह माझी आत्या चालवते.

नवी पुस्तिका तयार करायचं काम मला जिल्हा माहिती कार्यालयात सहा महिन्यांच्या करारावर मिळालं होतं. प्रकरणं चार: इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, प्रेक्षणीय स्थळं. मी भूविज्ञान शिकलेली. साहेबांना वाटलं, ही भूगोल तरी नीट करील. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हे बघ, इतिहास जरा वाढव, अर्थव्यवस्थेत फार खोलात जाऊ नकोस, आणि भूगोल तसाच ठेव. भूगोल काही बदलत नाही."

मी मान डोलावली. नोकरी नवी होती.

आमचा जिल्हा नकाशावर उताण्या पडलेल्या बुटासारखा दिसतो. टाचेकडे डोंगर, तळव्याकडे नदी, आणि डोंगर व नदीच्या मधोमध चुनखडीचा पट्टा. ह्या पट्ट्यात जस्त सापडलं म्हणून खाण आली, खाण आली म्हणून रेल्वे आली, आणि रेल्वे आली म्हणून आमचं गाव वसलं. इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था ही तीन प्रकरणं खरं तर ह्या एका वाक्यात संपतात. चार वर्षांपूर्वी खाण बंद झाली. त्यानंतर अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात काय लिहायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. गावाने मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं: खाण गेली, आता झरा आहे.

झरा डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. खडकात एक तोंड, त्यातून येणारं पाणी एका दगडी हौदात पडतं आणि हौदातून नळांनी खोल्यांमध्ये जातं. पूर्वी खोल्या आठ होत्या, आता बारा. प्रत्येक खोलीत फरशीचं टाकं, बसायला लाकडी फळी, कपड्यांसाठी तीन खुंट्या, वर एक झरोका. पाण्यात चुना इतका, की नळांवर दर महिन्याला पांढरी खपली धरते आणि ती हातोडीने ठोकून काढावी लागते. आत्याच्या घरी मी लहानपणी झोपेतून उठायचे ती ह्या ठोकण्याच्या आवाजाने.

"आल्या का आमच्या जिल्हाधिकारी!" आत्या काउंटरवरूनच ओरडली. "रांगेत उभं राहायचं हं. इथे ओळख चालत नाही."

"मी अंघोळीला नाही आले. पाणी मोजायचंय."

"मोज की. जेवढं मोजशील तेवढं वाढेल. तुझ्या बापाची कृपा."

जुन्या पुस्तिकेत झऱ्याचं तापमान एक्कावन्न अंश दिलं होतं आणि प्रवाह सेकंदाला दोन पूर्णांक एक लिटर. मी झऱ्याच्या तोंडाशी तापमापी धरली. बेचाळीस पूर्णांक तीन. मला वाटलं, काही तरी चुकलं. पुन्हा धरली, दुसरी तापमापी आणून धरली. बेचाळीस पूर्णांक तीनच.

"तुझं मशीन बिघडलंय," आत्या म्हणाली.

"दोन्ही?"

"मग दोन्ही बिघडलीत. आजकाल काय धड मिळतं?" तिने पाण्यात कोपर बुडवलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि बाहेर काढून पदराला पुसलं. "छान आहे. पूर्वी काय चटके बसायचे! आता पाणी प्रेमळ झालंय. बायका तासन्‌तास उठत नाहीत."

मग मी प्रवाह मोजला. तो पूर्ण तीन लिटर भरला. पाणी जवळजवळ दीडपट झालं होतं, आणि जवळजवळ नऊ अंशांनी निवलं होतं.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या नजरेत आली. प्रत्येक खोलीत दोन तोट्या असायच्या, एक झऱ्याची आणि एक विहिरीच्या गार पाण्याची, कारण एक्कावन्न अंशांच्या पाण्यात कुणी तसंच उतरू शकत नाही. आता गार पाण्याच्या तोट्या कुठेच नव्हत्या. त्यांच्या जागी लाकडी खुंट्या ठोकून वर नीट रंग दिला होता. मी विचारलं तर आत्या म्हणाली, "गळत होत्या मेल्या." बाराच्या बारा.

*

बाबा स्नानगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. आई गेल्यावर आत्यानेच त्यांना बोलावून घेतलं. खाणीत ते भोकं पाडायचे. खडकात यंत्राने भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, बार उडवायचा. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्या वर्षांची धूळ आता त्यांच्या छातीत आहे. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागतं, म्हणून ते एकेक वाक्यच बोलतात, आणि त्यामुळे ते फार मुद्देसूद माणूस आहेत असा लोकांचा समज झाला आहे.

रोज सकाळी, रांग सुरू व्हायच्या आधी, ते पहिल्या खोलीत जाऊन बसतात. झरोका बंद करून वाफेत बसलं की छाती मोकळी होते, असं ते म्हणायचे. त्या सकाळी मी आत डोकावले तर खोलीत वाफ फारशी नव्हती. भिंतीवरची फरशी कोरडी होती.

"काय म्हणतो जिल्हा?" त्यांनी विचारलं.

"चौदातली नऊ आहेत."

"खाण लिहिलीस?"

"इतिहासात लिहिली."

"आणि झरा?"

"तो प्रेक्षणीय स्थळांत."

"तो पण इतिहासात घाल." त्यांनी श्वास घेतला. "आम्ही वाढवलाय तो. आम्हाला पण घाल."

ती हकिकत गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, मलाही. खाण बंद झाल्यावर वर्षभरात गावातली निम्मी दुकानं मिटली. आत्याला आणखी चार खोल्या बांधायच्या होत्या, म्हणजे बाहेरगावचे लोक येतील, दोन-चार बायकांना काम मिळेल. पण आठ खोल्यांनाच पाणी जेमतेम पुरायचं. झऱ्याच्या तोंडाला आतून चुन्याची जाड खपली होती, तोंड मनगटाएवढं उरलं होतं. तेव्हा बाबा आणि त्यांचे दोन जोडीदार एका रविवारी यंत्र घेऊन आले. एक शिडीकाका, ते इतके उंच, की खाणीत त्यांच्या टोपीला सगळ्यांत जास्त पोचे असायचे. दुसरे मुकेकाका, ज्यांना हे नाव कधीही गप्प न बसण्याबद्दल मिळालं. त्यांनी झऱ्याच्या तोंडाभोवती भोकं पाडली, आणि संध्याकाळपर्यंत धार मांडीएवढी झाली. गाव नुसतं बघायला लोटलं. पुढच्या खोलीत त्याचा फोटो आहे: तिघंही नखशिखांत भिजलेले, मध्ये बाबा, आणि आत्या त्यांचा दंड धरून उभी. येणाऱ्या प्रत्येकाला ती तो फोटो दाखवते. "नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी धीर दिला," ती म्हणते, "माझ्या भावाने पाणी दिलं."

*

मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. तापमान एकोणचाळीस पूर्णांक नऊ. प्रवाह तीन पूर्णांक चार.

आत्याच्या परसातल्या विहिरीचं पाणी मी मोजलं. ते बावीस अंश होतं, आणि हाताने तांब्या बुडवून घेता येईल इतकं वर आलं होतं. गावातल्या सगळ्याच विहिरी अशा तुडुंब होत्या. खाण चालू असताना पंप दिवसरात्र जमिनीखालचं पाणी उपसायचे आणि विहिरी उन्हाळ्यात तळाला जायच्या. आता पंप बंद, खाण हळूहळू भरत होती, आणि तिच्याबरोबर आजूबाजूचं सगळं पाणी वर येत होतं. लोक खुशीत होते. आमच्या समोरच्या शिवणकामवाल्या बाईंनी तर परसात केळी लावल्या होत्या.

हिशेब मी कार्यालयातल्या टेबलावर बसून केला. तो शाळेतल्या मुलालाही येईल इतका सोपा होता. एक्कावन्न अंशांचं पाणी पूर्वी दोन पूर्णांक एक लिटर यायचं. त्यात बावीस अंशांचं किती पाणी मिसळलं तर एकोणचाळीस पूर्णांक नऊ होईल? एक पूर्णांक तीन लिटर. बेरीज तीन पूर्णांक चार. मागच्या महिन्याचे आकडेही असेच जुळले. म्हणजे गरम पाणी तीस वर्षांपूर्वी होतं तेवढंच होतं. एक थेंबही वाढला नव्हता. बाबांनी वाढवलं होतं ते सगळं गार पाणी होतं.

झऱ्याच्या नळीभोवती चुन्याची ती जाड खपली होती ना, तिचं काम मला तेव्हा समजलं. शेकडो वर्षांत झऱ्याने आपल्याच चुन्याने आपल्याभोवती एक आवरण केलं होतं, आणि ते बाजूच्या गार पाण्याला आत येऊ देत नव्हतं. खाणीतल्या माणसाला खडकात अडकलेलं काहीही दिसलं, की तो भोक पाडतो. तो रविवार एवढ्याचसाठी घालवला गेला. आणि खाण भरत राहील तसतसं त्या भोकांतून गार पाणी वाढतच जाणार होतं.

साहेबांना मी आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला.

"गरम झरा कशाला म्हणायचं, ते ठरलेलं आहे," ते म्हणाले. "माणसाच्या अंगापेक्षा पाणी गरम हवं. सदतीसच्या वर. त्याच्या खाली गेलं की खात्याच्या लेखी तो साधा झरा. मग हमरस्त्यावरची पाटी काढतात, सहलीच्या गाड्या थांबत नाहीत. तू एक्कावन्नच घाल ना. कोण थर्मामीटर घेऊन येतंय?"

"मी गेले होते की."

"तुला आम्हीच पाठवलं होतं. तेवढी एक चूक झाली खरी." मग ते हसायचे थांबले. "तुझे घरचे आहेत तिथे, नाही का? असं कर, छपाईला अजून दीड महिना आहे. शेवटचं मोजमाप तेव्हा घे. जे येईल ते छापू."

पाटी गेली, गाड्या थांबल्या नाहीत, तर आत्याच्या बारा खोल्यांत गावातली तीन-चार म्हातारी माणसं येतील, आणि तीही फुकट. आत्याचं सगळं त्या बारा खोल्यांत होतं. कपडे धुणाऱ्या दोन बायका, नळ ठोकणारा एक आणि दारावरची चहावाली, ह्यांचंही.

उपाय एकच दिसत होता. पाडलेली भोकं बुजवायची. पण भोकं किती, किती खोल, कुठल्या कोनात गेली होती, ते वाहत्या पाण्याखाली बघता येत नव्हतं. ते फक्त बाबांना माहीत होतं. त्यांना विचारायचं, तर का विचारतेय हे सांगावं लागणार होतं.

मी बारा दिवस सांगितलं नाही. त्या बारा दिवसांत पाणी आणखी अर्ध्या अंशाने उतरलं.

*

सकाळी ते पहिल्या खोलीत फळीवर बसले होते, पाय टाक्यात सोडून. मी बाजूला बसले. पाण्यात पाय सोडले तर ते कोमट लागलं. त्यांनी अंगावर शाल घेतली होती. स्नानगृहात शाल घेतलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"बाबा, तुम्ही झऱ्याला भोकं किती पाडली होती?"

"कशाला? पुस्तकात घालतेस?"

"नाही." मग मी सांगितलं. आकडे सांगितले, विहिरीचं सांगितलं, खपलीचं सांगितलं. मध्ये एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"म्हणजे धार वाढली ती..."

"विहिरीचं पाणी. तेच."

"आणि ते माझ्या भोकांतून येतंय."

"खाण बंद झाली नसती तर इतकं आलं नसतं."

"ते सोड." श्वास. "माझ्या भोकांतून येतंय का?"

"हो."

 त्यांनी एक पाय वर काढला, शालीच्या टोकाने पुसला, मग दुसरा.

"एवढी शिकलीस," ते म्हणाले, "आणि हे सांगायला लागलं तुला." त्यात राग नव्हता. ते माझ्याबद्दल वाईट वाटल्यासारखं बोलत होते. "आत्याला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडले नाही, पण दाराबाहेर उभी राहिले. आत्या काउंटरवर टॉवेलांच्या घड्या घालत होती. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं. ती घड्या घालतच राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"निवतंय ते. दोन वर्षं झाली. रोज कोपर घालते मी, दगडाचं आहे का ते?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू रोज सकाळी येऊन विचारायचास, ताई, आज धार कशी आहे? काय सांगू? धार जोरात आहे रे, पण चहा करायच्याही लायकीची नाही?" तिने एक टॉवेल उलगडून पुन्हा घातला. "मला वाटलं, जमिनीच्या पोटातलीच ऊब कमी झाली असेल. म्हातारी होतात माणसं, झरा नसेल होत? तुझ्यामुळे असेल, असं मनातही नाही आलं."

"माझ्यामुळेच आहे."

"असू दे ना." तिचा आवाज चढला. "असू दे! मी सांगितलं होतं तुला पाडायला. मीच मागे लागले होते. तोट्या काढल्या तेव्हा तू विचारलंस तर गळतात म्हणून सांगितलं. आता काय सगळ्यांनी मिळून रडायचं का? बाहेर माणसं उभी आहेत."

आणि तिने पुढच्या माणसाला आत सोडलं.

*

बुजवायचं काम खाणीच्याच पद्धतीने करायचं ठरलं. पाणी बाजूला वळवायचं, प्रत्येक भोकात आधी चिकणमातीचे गोळे ठासायचे, वर लवकर आवळणारं सिमेंट. मी बाबांना आणि दोन्ही काकांना आधीच सांगून टाकलं, की हे दोन्ही बाजूंना जाऊ शकतं. गार पाणी थांबेल, किंवा आतला दाब वाढून गरम पाणीच दुसरीकडून वाट काढेल. न बुजवलं तर महिन्या-दोन महिन्यांत सदतीसच्या खाली जाणार, हे मात्र नक्की. आदल्या दिवशी तापमान अडतीस पूर्णांक एक होतं.

"म्हणजे मेलं तरी आमच्या हातून, वाचलं तरी आमच्या हातून," मुकेकाका म्हणाले. "बघ शिडी, किती मान आहे आपल्याला जिल्ह्यात."

"तू बोलायचा थांबलास तर निम्मी वाफ वाचेल," शिडीकाका म्हणाले.

बाबांना खाली उतरता येत नव्हतं. आत्याने झऱ्याच्या काठावर खुर्ची ठेवली, आणि तिथे बसून ते सांगत होते. पहिलं भोक डावीकडे, हातभर, सरळ. दुसरं त्याच्या शेजारी, तसंच. तिसरं वरच्या बाजूला, तिरकं, दोन हात. तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी पाडलेलं प्रत्येक भोक त्यांना दात मोजल्यासारखं आठवत होतं. शिडीकाका गुडघाभर पाण्यात वाकून हात घालायचे आणि म्हणायचे, "आहे. सापडलं." मुकेकाका मातीचे गोळे वळून द्यायचे. दुपारपर्यंत पाच भोकं भरली.

"झालं?" मी विचारलं.

 मुकेकाका आणखी एक गोळा वळत राहिले.

"सहावं एक आहे," बाबा म्हणाले. "आतल्या बाजूला."

"किती खोल?"

"खोल नाही." श्वास. "त्यात बार टाकला होता."

"झऱ्यात?"

"अर्धाच. छोटा." त्यांनी दोन बोटांमध्ये अंतर दाखवलं. "पाच भोकांनी धार वाढेना. गाव बघत उभं होतं. ताई उभी होती. आम्हाला दुसरं काय येतं?"

"आवाजसुद्धा झाला नाही फारसा," मुकेकाका हळूच म्हणाले. "नुसतं ढुप्प. आणि धार अशी आली, काय सांगू."

भोक बुजवता येतं. बाराने खडक भोकापुरता फुटत नाही. भेगा चहूकडे पसरतात, केसाएवढ्या, आणि त्या कुठपर्यंत गेल्या हे बाहेरून कळत नाही. हे मला सांगावं लागलं नाही. तिथल्या तिघांनी जन्मभर तेच काम केलं होतं, आणि एरवी भेगा पसरल्या की त्यांना बरं वाटायचं. शिडीकाका खाली हात घालून चाचपत राहिले. त्यांनी वर बघून मान हलवली.

"भरा," बाबा म्हणाले. "जेवढं जातं तेवढं भरा."

ती सहावी जागा गिळतच राहिली. आणलेलं सगळं सिमेंट तिने घेतलं. आत्याने खोल्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेलं अर्धं पोतंही गेलं. शेवटी शिडीकाकांनी तळहाताने वर लिंपून घेतलं आणि तो हात तसाच तिथे दाबून धरून ते कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. बाबा खुर्चीतून पुढे झुकले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

स्नानगृह तीन दिवस बंद ठेवलं. आत्याने दारावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली, आणि रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती वाचून दारातच गप्पांचा अड्डा जमवला. त्या तीन दिवसांत मी इतिहासाचं प्रकरण पुरं केलं. खाणीवर दीड पान झालं. झरा वाढवणाऱ्या तिघांबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. तो मी खोडला, पुन्हा लिहिला, आणि शेवटी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "काढ." मी काढला.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा खोल्यांकडे सोडलं. आत्या काउंटरमागून बाहेर आली होती. शिडीकाका आणि मुकेकाका दाराशी उभे होते, दोघांनीही स्वच्छ शर्ट घातले होते. नळातून आधी नुसती हवा आली, मग सिमेंटचं पांढुरकं पाणी, मग निवळ. पहिल्या खोलीचं टाकं भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. प्रवाह मी झऱ्याच्या तोंडाशी मोजून आले होते: एक पूर्णांक चार.

"कमी आलं म्हणजे गार थांबलं," मुकेकाका म्हणाले. "हो ना गं? कमी म्हणजे चांगलं ना?"

"बघू."

"मी आधी उतरतो," बाबा म्हणाले.

"मोजू दे तिला," आत्या म्हणाली.

"मोजेल ती. मी आत असताना मोजेल."

त्यांना धरून आम्ही टाक्यात उतरवलं. आत्याने एक दंड धरला, मी दुसरा. ते हळूहळू खाली बसले, पाणी छातीपर्यंत आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.  आत्याने कोपर पुढे केलं, आणि पाण्यात न घालता मागे घेतलं.

मी फळीवर गुडघे टेकले आणि तापमापी पाण्यात सोडली. आकडा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो. बाबांच्या दंडावर काटा आला होता.

"किती?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

चौतीस पूर्णांक दोन.